लहान लॅपटॉप निवडताना: काय आधी बघायचं, काय शेवटी

‘पन्नास हजारांत चांगला छोटा लॅपटॉप सांगा’ हा प्रश्न बारावीच्या निकालानंतर आणि दिवाळीच्या आधी हमखास येतो. विचारणारे आधी किंमत बघतात, मग प्रोसेसर, मग ऑफर. वजन, कीबोर्ड आणि पोर्ट यांच्याकडे लक्ष जातं ते खोकं घरी उघडल्यावर. महिन्याभरानं तक्रारी सुरू होतात आणि त्या नेमक्या याच गोष्टींच्या असतात. पाठ दुखते, मराठी टाइप करताना बोटं अडखळतात, मेमरी कमी पडते आणि वाढवता येत नाही.

लहान लॅपटॉपात जागा वाचवण्यासाठी बरेच भाग मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाला, कायमचे जोडलेले असतात. म्हणून ज्या गोष्टी नंतर कधीच बदलता येणार नाहीत, त्या आधी ठरवायच्या. पैसे मोजून बदलता येतील अशा गोष्टी त्यानंतर आणि फुकट बदलता येतील त्या सगळ्यांत शेवटी. खालचे टप्पे याच क्रमानं लावले आहेत. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर परत मागे यावं लागतं.

## पूर्वतयारी: दुकानात जाण्याआधी एक कागद

कागदावर तीन गोष्टी लिहा. मोबाइलवर लिहिल्या तरी चालेल, पण लिहा.

एक: चालायलाच हवीत अशी सॉफ्टवेअर, त्यांच्या नावासह. ‘ऑफिसचं काम’ असं मोघम नको. टॅली, सॉलिडवर्क्स, डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीला लावायचं), जुनं डीटीपी म्हणजे पानं मांडण्याचं सॉफ्टवेअर, जे असेल ते नावानिशी.

दोन: प्लगपासून दूर राहण्याचा सर्वांत मोठा सलग वेळ. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत प्रत्येक खुर्चीला प्लग मिळेलच असं नाही. डेक्कन क्वीननं मुंबईला जाऊन दिवसभर बैठका करणाऱ्याची गरज वेगळी, हिंजवडीत टेबलावर बसणाऱ्याची वेगळी.

तीन: लॅपटॉप कसा वाहून नेणार. दुचाकीवर पाठीला लावून, पीएमपीच्या बसमध्ये उभ्यानं, मेट्रोनं की गाडीच्या मागच्या सीटवर.

मग याच कागदाच्या तळाशी लिहा की तुम्ही काय सोडायला तयार आहात. हलकेपणा, बॅटरी, वेग आणि कमी किंमत या चार गोष्टी लहान लॅपटॉपात एकत्र नांदत नाहीत. तीन मिळतात, चौथीवर पाणी सोडावं लागतं. हलका, वेगवान आणि दिवसभर चालणारा हवा असेल तर खिसा मोकळा करावा लागेल. स्वस्त आणि हलका हवा असेल तर वेगात तडजोड करावी लागेल. हे घरी ठरवलं नाही तर दुकानातला विक्रेता तुमच्या वतीनं ठरवतो, आणि त्याच्याकडे जो माल पडून आहे त्यानुसार ठरवतो.

## टप्पा १: सॉफ्टवेअरवरून रिंगण आखा

कागदावरची पहिली ओळ घ्या. कोणत्या जातीचा लॅपटॉप तुम्हाला चालणारच नाही, हे तिथे ठरतं.

टॅली, सरकारी निविदांसाठी लागणारं डिजिटल सहीचं टोकन किंवा डोंगल (परवान्यासाठी पोर्टला लावायचा तुकडा) लावून चालणारं जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर यांपैकी काहीही यादीत असेल तर इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असलेला विंडोज लॅपटॉपच घ्या. यांत्रिकी शाखेच्या विद्यार्थ्यांनाही हेच सांगेन, कारण सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच आहे. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण ते विंडोजवरच्या ऑटोकॅडशी तंतोतंत जुळत नाही आणि वर्गात सगळे विंडोजवर काम करत असतील तर त्रास होतो.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीच्या बाबतीत खरोखर चांगले आहेत. इंटेलसाठी लिहिलेली बरीचशी साधी सॉफ्टवेअर त्यांच्यावर भाषांतराच्या थरातून चालतात. ड्रायव्हरला मात्र हा थर लागू होत नाही. जुना प्रिंटर, सहीचं टोकन, डोंगल यांचा ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठी वेगळा बनवलेला नसेल तर ते उपकरण चालणार नाही.

क्रोमबुक ब्राउझरमधल्या कामासाठी आहे. गुगल डॉक्स, ईमेल, व्हिडिओ वर्ग एवढंच असेल तर उत्तम. घेण्याआधी त्या मॉडेलचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार ते गुगलच्या यादीत बघा, कारण ती मुदत तुम्ही खरेदी केल्या दिवसापासून मोजली जात नाही. सवलतीत मिळणाऱ्या जुन्या क्रोमबुकची बरीच वर्षं आधीच संपलेली असतात.

तपासा: ‘चालेल ना हे यावर?’ असं विक्रेत्याला विचारून मिळालेलं ‘हो’ धरू नका. त्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर ‘सिस्टिम रिक्वायरमेंट्स’चं पान असतं. टोकनसाठी ज्यांच्याकडून ते घेतलं त्यांना प्रोसेसरचं नाव सांगून विचारा.

## टप्पा २: वजन, पण खांद्यावर येणारं सगळं

जाहिरातीतलं वजन बहुतेक वेळा ‘इतक्यापासून सुरू’ या प्रकारचं असतं. म्हणजे सर्वांत लहान बॅटरीच्या आणि बिनटचच्या मॉडेलचं. तुम्ही घेणार ते मॉडेल शंभर-दोनशे ग्रॅमनं जड असू शकतं. शिवाय त्यात चार्जर धरलेला नसतो. विटेसारखा अडॅप्टर आणि तीन पिनांची जाड वायर मिळून तीनशे-चारशे ग्रॅम सहज भरतात. १.३ किलोचा लॅपटॉप रोज १.७ किलोचा होतो. त्यात सॅक, पाण्याची बाटली, डबा आणि रेनकोट.

माझी ढोबळ वाटणी अशी आहे. १.१ किलोच्या खालचे १३-१४ इंची लॅपटॉप बहुतेक मॅग्नेशियमच्या किंवा कार्बन फायबरच्या सांगाड्याचे असतात आणि महाग असतात. १.२ ते १.४ किलो हा रोज वाहून नेण्यासाठी सर्वांत योग्य पट्टा. १३ इंची मॅकबुक एअर एम२पासून १.२४ किलोच्या आहेत, त्या याच पट्ट्यात येतात. मध्यम किमतीचे १४ इंची लॅपटॉप १.४ ते १.६ किलोंत मिळतात. चालत आणि बसनं जाणाऱ्यांनी त्याच्या वर जाऊ नये.

दोनशे ग्रॅमचा फरक आकड्यात किरकोळ दिसतो, म्हणून तो आधी अंगावर घेऊन बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ज्या लॅपटॉपचा विचार करताय त्याच्या आणि चार्जरच्या वजनाइतकं पाणी बाटल्यांत भरा, नेहमीच्या सॅकमध्ये ठेवा आणि दोन दिवस नेहमीच्या रस्त्यानं जा. स्वारगेट मेट्रो स्थानकाचे जिने त्या सॅकसह चढा. ‘मला चालेल’ आणि ‘मला नाही चालणार’ हे दुकानातल्या दोन मिनिटांत कळत नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळतं.

दुचाकीवाल्यांसाठी वजनाइतकाच मजबुतीचा मुद्दा आहे. पातळ लॅपटॉप सॅकमध्ये वह्या-पुस्तकांच्या दाबाखाली वाकतो आणि ताण पडद्यावर येतो. पाठीच्या बाजूला वेगळा कप्पा असलेली सॅक घ्या आणि त्या कप्प्याचा तळ सॅकच्या तळापासून दोन बोटं वर आहे का ते बघा. तसं नसेल तर सॅक जमिनीवर टेकवली की प्रत्येक वेळी लॅपटॉपच्या कडेला धक्का बसतो.

सावध: स्कूटरच्या पायाशी सॅक ठेवून नेण्याची सवय सोडा. खड्ड्यांचे हादरे तिथे थेट पोचतात. जून ते सप्टेंबर सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडच्या बाजूनं पाणी आत शिरतं. लॅपटॉप आत वेगळ्या जलरोधक पिशवीत हवा.

## टप्पा ३: पडदा

११ ते १२ इंचांचा पडदा प्रवासात वापरायला आणि वाचायला बरा. दिवसभर लिहायचं असेल किंवा एक्सेलमध्ये काम असेल तर १३.३ ते १४ इंच घ्या. आता चौकटी बारीक झाल्यामुळे १४ इंची लॅपटॉप पूर्वीच्या १३ इंचीएवढ्याच जागेत बसतो, तेव्हा इंचांपेक्षा लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये बघा आणि आपल्या सॅकचा कप्पा मोजून घ्या.

इंचांइतकंच महत्त्वाचं आहे पडद्याच्या रुंदी-उंचीचं प्रमाण. १६:९ ऐवजी १६:१० घेतलात तर १९२० बाय १०८०च्या जागी १९२० बाय १२०० ठिपके (पिक्सेल) मिळतात आणि पानाच्या दोन-चार ओळी जास्त दिसतात. लहान पडद्यावर त्या ओळींची किंमत मोठी आहे.

१३६६ बाय ७६८चा पडदा आजही स्वस्त मॉडेलांत दिसतो. तो घेऊ नका. मराठी वाचणाऱ्यांनी तर नाहीच, कारण कमी ठिपक्यांत रफार, अनुस्वार आणि ‘ष्ट्य’सारखी जोडाक्षरं चिकटून जातात.

तपशिलात ‘टीएन’ लिहिलेलं असेल तर तो पडदा बाजूनं पाहिला की फिका पडतो. ‘आयपीएस’ किंवा ‘ओलेड’ शोधा. उजळपणा ‘निट्स’मध्ये देतात. २५० निट्स खोलीत पुरतात, पण खिडकीजवळ किंवा कॅफेच्या अंगणात कमी पडतात, तिथे ३०० ते ४०० हवेत. ‘४५ टक्के एनटीएससी’ म्हणजे मळकट रंग. लेख, हिशोब, कोडिंग यांना त्यानं फरक पडत नाही, फोटो आणि डिझाइनवाल्यांनी ‘१०० टक्के एसआरजीबी’ बघूनच घ्यावं.

तपासा: दुकानात जाताना पेनड्राइव्हवर एक मराठी पीडीएफ न्या, बारीक अक्षरांचा. सातबारा किंवा शासन निर्णय चालेल. पूर्ण पान पडद्यावर बसवून ते वाचता येतं का ते बघा. जाहिरातीतले फुलांचे आणि डोंगरांचे फोटो कुठल्याही पडद्यावर छान दिसतात.

## टप्पा ४: कीबोर्ड आणि टचपॅड

इथे मराठी लिहिणाऱ्यांनी नीट थांबावं, कारण इंग्रजी परीक्षणांत ही गोष्ट कधीच येत नाही. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या प्रमाणित मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला येतात. ‘ड’, ‘च’, ‘ट’, ‘य’ ही रोजच्या वापरातली अक्षरं उजव्या कडेच्या चिन्हांच्या कळांवर आहेत: ‘च’ अर्धविरामाच्या कळीवर, ‘ट’ त्याच्या शेजारी, ‘ड’ चौकटी कंसाच्या कळीवर, ‘य’ तिरक्या रेघेच्या कळीवर. आणि लहान लॅपटॉप बनवताना कंपन्या सर्वांत आधी याच कडेच्या कळा अरुंद करतात. इंग्रजी टाइप करणाऱ्याला ते जाणवतही नाही. इनस्क्रिप्टवाल्याचं दर वाक्यात बोट घसरतं.

म्हणून ११-१२ इंची लॅपटॉप घेत असाल तर त्या चार कळांची रुंदी बाकीच्या कळांशी ताडून बघा. फोनेटिक पद्धतीनं, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून उच्चारानुसार, टाइप करत असाल तर ही अडचण कमी आहे.

टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकवून बघा आणि चारही कोपऱ्यांत दाबून बघा. कोपऱ्यात दाबलं तरी क्लिक व्हायला हवा, अडकायला नको. कळांखाली दिवा असेल तर रात्रीच्या प्रवासात उपयोग होतो, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

## टप्पा ५: मेमरी आणि साठवण

सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. ‘आत्ता ८ जीबी मेमरी (रॅम) घेतो, पुढच्या वर्षी वाढवतो’ असं ठरवून घेतलेल्या पातळ लॅपटॉपात बहुतेक वेळा वाढवायला जागाच नसते.

तपशिलात ‘एलपीडीडीआर४एक्स’, ‘एलपीडीडीआर५’ किंवा ‘एलपीडीडीआर५एक्स’ लिहिलेलं असेल तर मेमरी जवळपास नक्कीच बोर्डाला कायमची जोडलेली आहे असं धरा. नुसतं ‘डीडीआर४’ किंवा ‘डीडीआर५’ असेल तर मेमरीची पट्टी बसवायची खाच असण्याची शक्यता आहे, पण खात्री नाही. काही मॉडेलांत ८ जीबी कायमची आणि शिवाय एक रिकामी खाच असते. मध्यम बजेटमध्ये ही रचना मला सर्वांत शहाणी वाटते.

माझं मत स्पष्ट आहे: मेमरी वाढवता येत नसेल तर नव्या विंडोज लॅपटॉपात १६ जीबीच्या खाली जाऊ नका, मग प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल. ग्राफिक्सही याच मेमरीतला वाटा घेतं, त्यामुळे ८ जीबीतले ८ जीबी तुमच्या वाट्याला येत नाहीत. ब्राउझरमध्ये वीस टॅब, एक व्हिडिओ बैठक आणि एक मोठी एक्सेल फाइल एवढ्यानं ती भरते.

साठवणीचं तुलनेनं सोपं आहे. ‘एम.२ एनव्हीएमई’ एसएसडी बहुतेक वेळा बदलता येते, म्हणून ५१२ जीबी घेऊन निभावतं. लांबी मात्र विचारून ठेवा. छोट्या लॅपटॉपात नेहमीच्या २२८० (२२ बाय ८० मिलिमीटर) मापाऐवजी २२४२ किंवा २२३० मापाची आखूड पट्टी बसते. मॅकबुकमध्ये साठवण नंतर वाढवता येत नाही, तिथे आधीच विचार करा.

सावध: ‘६४ जीबी ईएमएमसी’ किंवा ‘१२८ जीबी ईएमएमसी’ असलेला विंडोज लॅपटॉप घेऊ नका. ही साठवण एसएसडीपेक्षा पुष्कळ हळू असते, बोर्डाला जोडलेली असते आणि ६४ जीबीत विंडोजचे मोठे अपडेट उतरवायलाही जागा उरत नाही.

तपासा: डेमो लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ निवडा. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर ती कायमची जोडलेली मेमरी आहे. ‘सोडिम’ दिसलं तर खाचेतली. शेजारीच किती खाचांपैकी किती भरल्या आहेत तेही दिसतं.

## टप्पा ६: प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा

‘आय५ आहे’ किंवा ‘रायझन ५ आहे’ ही अर्धी माहिती झाली. पुढचे आकडे आणि शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय काही कळत नाही.

एएमडीच्या ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यूमध्ये झेन २, ७५३०यूमध्ये झेन ३, ७५४०यूमध्ये झेन ४. तिन्हींवर ‘रायझन ५’ची एकच पट्टी. झेन २ ही २०१९ सालची रचना आहे, आणि शेजारी ठेवलेला, जवळपास त्याच किमतीचा लॅपटॉप दोन पिढ्या पुढचा असू शकतो.

इंटेलमध्ये शेवटी ‘यू’ असेल तर कमी विजेवर चालणारा, लहान लॅपटॉपासाठी नेहमीचा. ‘एच’ म्हणजे जास्त ताकद, जास्त उष्णता आणि लवकर उतरणारी बॅटरी. तो पातळ अंगात बसवला की पंखा सतत वाजतो. ‘एन’ने सुरू होणारे, उदाहरणार्थ एन१००, ब्राउझर आणि लिखाण यापुरते ठीक. ‘आय३-एन३०५’ याच घराण्यातला आहे. त्यात आठ गाभे (कोअर) आहेत, पण सगळे छोटे, काटकसरी गाभे. नावातल्या ‘आय३’वर जाऊ नका.

पंखा नसलेले लॅपटॉप शांत असतात आणि आत धूळ ओढत नाहीत. अभ्यासिकेत आणि रेकॉर्डिंगसाठी ते फार सुखाचे. जड काम सलग चाललं की ते स्वतःला थंड ठेवण्यासाठी वेग कमी करतात. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हे लवकर होतं. लिहिणं, वाचणं, कोडिंग असेल तर बिनपंख्याचा खुशाल घ्या. रोज तासभर व्हिडिओ संपादन असेल तर पंख्याचा घ्या.

## टप्पा ७: बॅटरी आणि चार्जर

‘१८ तासांपर्यंत’ या दाव्याकडे बघू नका, वॉट-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते बघा. हा आकडा तपशिलात असतो किंवा बॅटरीवर छापलेला असतो. लिखाण आणि ब्राउझिंग करताना छोटा लॅपटॉप साधारण ६ ते १० वॉट खातो. ८ वॉट धरले तर ४२ वॉट-तासांची बॅटरी सव्वापाच तास जाते, ५६ची सात तास. व्हिडिओ बैठकीत आणि पूर्ण उजेडात हा वेळ झपाट्यानं घटतो. कागदावर लिहिलेल्या दुसऱ्या ओळीशी हा हिशोब लावा आणि वर तिसरा हिस्सा जादा धरा, कारण दोन-तीन वर्षांत बॅटरीची क्षमता घटतेच. महावितरणच्या देखभालीच्या गुरुवारी घरून काम करायचं असेल तर हा जादा हिस्सा फार कामाला येतो.

विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी परवानगीशिवाय चालते. लहान लॅपटॉप सगळे त्याच्या आत असतात. फक्त केबिन बॅगेत ठेवा.

टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉपच घ्या. मग कंपनीचा जड अडॅप्टर घरी ठेवून, ६५ वॉटचा छोटा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, आकारानं लहान) चार्जर सॅकमध्ये ठेवता येतो आणि त्यावर फोनही चार्ज होतो. असा चार्जर तपकीर गल्लीत घ्या किंवा ऑनलाइन, पण त्यावर बीआयएसचं नोंदणी चिन्ह असू द्या, आणि केबलही तेवढ्या वॉटची हवी. फोनची साधी केबल पुरत नाही.

## टप्पा ८: पोर्ट आणि बाकीचं

टाइप-सी पोर्ट दिसायला सगळे एकसारखे, कामं मात्र तीन वेगळी: डेटा, चार्जिंग आणि बाहेरचा पडदा. स्वस्त मॉडेलांत काही पोर्ट फक्त डेटाचे असतात. तपशिलात ‘पॉवर डिलिव्हरी’ आणि ‘डिस्प्ले पोर्ट’ असे दोन्ही शब्द हवेत. सहीचं टोकन आणि पेनड्राइव्हसाठी एक तरी जुना चौकोनी यूएसबी पोर्ट असावा. महाविद्यालयात सादरीकरण करणाऱ्यांना एचडीएमआय लागतोच.

कॅमेरा १०८०पी असेल तर बरं. मुलाखती देणाऱ्यांनी आग्रह धरावा, इतरांनी नाही.

घरी बसून बरंच काम असेल तर मोठा लॅपटॉप घेण्यापेक्षा लहान लॅपटॉप आणि घरी २२-२४ इंची मॉनिटर ही जोडी जास्त सोयीची. मानेलाही आराम.

## टप्पा ९: दुकानात, याच क्रमानं

इथपर्यंत आलात की तुमच्या यादीत तीन-चार मॉडेलं उरतात. आता जा, गर्दी नसलेल्या दुपारी.

१. आधी मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. एकाच नावाखाली पडदा, मेमरी आणि बॅटरी वेगवेगळी असते. खोक्यावरच्या पट्टीचा फोटो काढा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकून तपशील ताडा. लेनोव्होची पीएसआरईएफ नावाची तपशीलसूची यासाठी फार उपयोगी आहे, मेमरीची खाच आहे की नाही तेही तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

२. लॅपटॉप एका हातानं कोपऱ्याला धरून उचला. करकर आवाज आला किंवा अंग वाकलं तर सॅकमध्येही वाकणार.

३. पडदा एका बोटानं उघडा. खालचा भाग सोबत उचलला जातो का, आणि टेबल हलवलं की पडदा डोलत राहतो का, ते बघा.

४. पंधरा मिनिटं टाइप करा. विक्रेता घाई करेल. करू दे.

५. उजेड पूर्ण वाढवून पडदा दाराच्या दिशेनं वळवा, मराठी पीडीएफ उघडा.

६. ब्राउझरमध्ये चार-पाच व्हिडिओ लावून दहा मिनिटं ठेवा. मग तळवे टेकतात तिथे हात ठेवा. त्या जागेला चटका जाणवला तर उन्हाळ्यात टाइप करवणार नाही.

सावध: ‘हाच डेमोचा पीस घ्या, तीन हजार कमी करतो’ असं म्हणाले तर आधी अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी किती उरली ते बघा. ती आधीच सुरू झालेली असू शकते.

## टप्पा १०: वापरलेला घेत असाल तर

कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले व्यावसायिक दर्जाचे छोटे लॅपटॉप पुण्यात भरपूर मिळतात. त्याच किमतीच्या नव्या स्वस्त लॅपटॉपापेक्षा त्यांचा कीबोर्ड आणि बांधणी चांगली असते. मी विद्यार्थ्यांना हा पर्याय आवर्जून सुचवतो, पण पुढच्या तपासण्या झाल्या तरच.

पिढी. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या ८व्या पिढीपासून पुढे चालतं. ‘६वी-७वी पिढी, पण ११ टाकून देतो’ हे ऐकू नका.

बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. एक अहवाल तयार होतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे ताडा. दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर उचललेला दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. तो लॅपटॉप तिथेच ठेवा.

कुलूप. सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून बघा. पासवर्ड मागितला तर घेऊ नका. मग विक्रेत्यासमोर विंडोज पूर्ण रीसेट करायला लावा आणि इंटरनेट जोडून पहिली मांडणी करा. एखाद्या कंपनीचं नाव आणि तिचं लॉगिन समोर आलं तर तो अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. मॅकचंही तसंच, पुसून पुन्हा सुरू केल्यावर जुन्या मालकाचा ॲपल आयडी मागता कामा नये.

कागद. अनुक्रमांक लिहिलेलं बिल नसेल तर व्यवहार करू नका, भाव कितीही चांगला असला तरी.

## टप्पा ११: बिल आणि पहिला आठवडा

बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक आणि अनुक्रमांक हवा. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे, व्यवसायाची नोंदणी असेल तर जीएसटी क्रमांक तिथेच टाकून घ्या, नंतर बिल बदलून मिळवणं त्रासाचं होतं. वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की केंद्रात नेऊन द्यायची, आणि त्या कंपनीचं केंद्र पुण्यात कुठे आहे, हे पैसे देण्याआधी विचारा. साध्या वॉरंटीत पडणं आणि पाणी सांडणं धरलेलं नसतं. दुचाकीवर नेणाऱ्यांनी अपघाती नुकसानीचं संरक्षण घ्यावं, आणि ते लगेच घ्यावं, कारण ठरावीक मुदतीनंतर मिळत नाही.

ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, पट्टीवरचा आणि लॅपटॉपच्या पाठीवरचा अनुक्रमांक त्यात दिसू द्या. पहिल्या दिवशीच पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा रंग लावून पडद्यावर मेलेले ठिपके आहेत का ते बघा, प्रत्येक कळ दाबा, प्रत्येक पोर्टला काहीतरी लावा, कॅमेरा आणि माइकवर कुणाला तरी फोन करा. बदलून देण्याची मुदत छोटी असते. ती संपण्याआधी लॅपटॉप एकदा तुमच्या नेहमीच्या रस्त्यानं, नेहमीच्या कामाला नेऊन आणा.

विंडोज ‘एस मोड’मध्ये आलं असेल तर बाहेरची सॉफ्टवेअर बसणार नाहीत. त्यातून मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून फुकट बाहेर पडता येतं, परत मात्र जाता येत नाही, आणि जायची गरजही नसते. त्यानंतर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा, जर लॅपटॉप बहुतेक वेळ प्लगलाच राहणार असेल तर. मराठी कीबोर्ड विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमधून जोडा, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

दोष निघाला आणि दुकानदार टोलवाटोलवी करू लागला तर आधी लेखी ईमेल करा, बिल आणि व्हिडिओ जोडा. त्यावरही हालचाल झाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक त्याच ईमेलला उत्तर म्हणून दुकानाला पाठवून द्या.